नादाची जात कशी घडते? साध्या सुरांची बेरीज करून वाद्यांचे आवाज तयार करण्याचा पहिला धडा

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने हे उत्तर पाठ केलेलं असतं : नादाचे गुण तीन, उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. पहिल्या दोहोंबद्दल कोणाला शंका नसते. तिसऱ्याखाली आपण लिहितो, 'सतार आणि बासरी एकाच सुरात वाजली तरी न पाहता ओळखू येतात, ती नादाची जात', आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मीही तेवढंच लिहून पास झालो. जात नेमकी कशाची बनलेली असते हे मला कळलं ते पुष्कळ वर्षांनी. गोव्यात फोंड्याला घरी, एका पावसाळ्यात, संगणकावर एकेक सूर मांडत स्वतःच्या हाताने ती घडवून पाहिली तेव्हा.

या पद्धतीला अ‍ॅडिटिव्ह सिंथेसिस म्हणतात. अगदी साधे, एकसुरी नाद घ्यायचे आणि त्यांची बेरीज करून हवा तो आवाज उभा करायचा. सरगम ओळखता येत असेल, पाढे येत असतील आणि कान शाबूत असतील तर ती कोणालाही जमते. मी इथे लिहितोय ते भजनाला पेटी धरणाऱ्या, तबला शिकणाऱ्या, चवथीला घुमट हे मातीचं चर्मवाद्य वाजवणाऱ्या आणि संगणकाला न घाबरणाऱ्या माणसासाठी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण सगळा लेख तिच्याभोवती फिरणार आहे : कोणते सूर मिसळले यापेक्षा प्रत्येक सूर केव्हा उगवला आणि केव्हा विरला, यावर आवाजाची ओळख जास्त ठरते. नवशिके पहिल्या अर्ध्यावर थांबतात आणि 'सगळं ऑर्गनसारखंच वाजतं' म्हणून सोडून देतात.

साहित्य

संगणक कुठलाही चालेल. ऑडासिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. वायरचे हेडफोन घ्या. लॅपटॉपच्या स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, मग तुम्ही जे मिसळता ते तुम्हालाच ऐकू येत नाही. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस कोसळत असतो, तेव्हा हेडफोनशिवाय गत्यंतरच नाही. आवाज सुरुवातीला अगदी कमी ठेवा. शुद्ध साइन सूर, म्हणजे तोच साधा एकसुरी नाद, मोठ्याने वाजला तर कानाला फार बोचतो.

आधी तंबोऱ्यापाशी बसा

संगणक उघडण्याआधी दहा मिनिटं तंबोऱ्याशेजारी बसा. घरी नसेल तर जवळच्या एखाद्या क्लासात जाऊन विचारा, कोणी नाही म्हणत नाही. खर्जाची तार एकटीच छेडा आणि तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐका. आधी सा येतो. मग तोच सा वरच्या सप्तकात, मग पंचम, आणि जवारी (घोडीवर तारेखाली दोरा ठेवून केलेली जुळणी) चांगली खुललेली असेल तर थोड्या वेळाने त्यातून गंधार वर येतो. गंधाराची तार कोणी लावलेली नसते. यालाच आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात.

आता जवारीचा दोरा नखाने केसभर सरकवा. तार तीच आणि ताणही तोच, पण आवाज एकदम मिटतो, सपाट होतो. दोरा परत आणताना एका ठरावीक जागी तो असा काही उघडतो की खोली भरून जाते. मी हे पहिल्यांदा लक्षपूर्वक केलं तेव्हा दोरा किती सरकला ते डोळ्यांना दिसलंसुद्धा नव्हतं. सा बदलला नाही, आवाज मोठाही झाला नाही. बदलली ती जात. आत दडलेले वरचे सूर दोऱ्याने मोकळे केले, एवढंच झालं.

याचं कारण असं की तार एकाच वेळी पूर्ण लांबीने, अर्ध्या लांबीने, तिसऱ्या हिश्शाने, चौथ्या हिश्शाने अशी सगळ्या प्रकारे थरथरत असते. त्यामुळे मूळ सुराची आंदोलनं सेकंदाला 200 असतील, तर तिच्यात 400, 600, 800, 1000 असे सूरही असतात. म्हणजे 200 चा पाढाच. आपण 200 हर्ट्झ हाच सा धरू. तो पांढरी पाचच्या किंचित वर येतो, पण हिशोबाला सोपा आहे. मग 400 वरचा सा, 600 त्याचा पंचम, 800 आणखी वरचा सा, 1000 गंधार, 1200 पंचम, 1400 कोमल निषादापेक्षा उतरलेला एक सूर, 1600 पुन्हा सा. या सुरांना आपण उपस्वर म्हणू.

फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने 1822 साली, उष्णतेचा अभ्यास करताना, कुठलीही आवर्ती लहर अशा साध्या लहरींच्या बेरजेने मांडता येते हे दाखवलं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1863 च्या आपल्या ग्रंथात ते नादाला लावलं. विजेवर थरथरणाऱ्या स्वरकाट्यांचा (ट्यूनिंग फोर्कचा) एक संच जुळवून त्याने त्यांच्या बेरजेतून आ, ओ असे स्वर काढून दाखवले होते. आपण तेच करणार आहोत, फक्त स्वरकाटे आपल्याला फुकट मिळतात.

पहिला सूर

ऑडासिटीत जनरेट मेनू उघडा, टोन निवडा. वेव्हफॉर्म साइन, फ्रीक्वेन्सी 200, अ‍ॅम्प्लिट्यूड 0.25 (म्हणजे सुराची ताकद), कालावधी 5 सेकंद. वाजवा.

हा सूर नीट ऐकून ठेवा. याला जातच नाही म्हटलं तरी चालेल. तो कुठल्याच वाद्याचा वाटत नाही. फार तर कोणी लांबून बाटलीच्या तोंडावर फुंकर घालतंय असं वाटेल. शेवटी 'टक्' असा आवाज आला असेल, कारण लहर मधेच तुटली. शेवटचा थोडासा भाग निवडून इफेक्ट मेनूतला फेड आउट लावा, टक् जाईल. सुरुवातीलाही तसं झालं तर फेड इन.

200 चा पाढा

आता दुसरा सूर. त्याआधी सिलेक्ट मेनूतून नन निवडा, म्हणजे काहीच निवडलेलं राहणार नाही. हे विसरलात तर नवा सूर वेगळ्या ट्रॅकवर न येता जुन्यावरच बसतो. मी यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे. प्रत्येक नव्या सुराआधी ही सवय लावून घ्या.

आठ ट्रॅक करा, प्रत्येकी 5 सेकंदांचे. 200 ला 0.25, 400 ला 0.125, 600 ला 0.083, 800 ला 0.063, 1000 ला 0.05, 1200 ला 0.042, 1400 ला 0.036 आणि 1600 ला 0.031. म्हणजे दुसऱ्या उपस्वराची ताकद निम्मी, तिसऱ्याची एकतृतीयांश, असं उतरत गेलं आहे. सगळ्यांची बेरीज 0.68 होते. ही बेरीज 1 च्या आत ठेवायचीच, नाहीतर लहरीचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो.

आठही ट्रॅक एकत्र वाजवा. एक भरदार, किंचित करकरीत सूर ऐकू येईल. पेटीच्या पत्तीची आठवण होईल असा. मजा पुढे आहे. वाजत असतानाच एकेक ट्रॅकचं म्यूट बटण दाबा आणि सोडा. 1000 चा ट्रॅक बंद करून पुन्हा चालू केलात की क्षणभर गंधार वेगळा ऐकू येतो आणि मग सगळ्यांत मिसळून नाहीसा होतो. तंबोऱ्यापाशी जो गंधार कान लावून शोधावा लागला, तो इथे बटणावर आहे. एकदा असा पकडला की पुढे तो कुठेही ऐकू येतो. कान तयार करण्याचा याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

इथेच एक छोटा प्रयोग करून घ्या. 1000 च्या जोडीला 1008 हर्ट्झचा एक सूर, तेवढ्याच ताकदीचा, तयार करा आणि फक्त हे दोनच वाजवा. सेकंदाला आठ हेलकावे ऐकू येतील, म्हणजे आवाज आठ वेळा मोठा-लहान होईल. पेटीचे सूर समान अंतरांच्या सप्तकात लावलेले असतात आणि त्या सप्तकातला गंधार या सापासून साधारण 1008 वर येतो; तारेतून आपोआप उमटणारा 1000 वर. पेटीचा गंधार चढा लागतो, ही गवयांची जुनी तक्रार आहे. ती तक्रार म्हणजे हे आठ हेलकावे.

आणखी एक. 1008 काढून टाका, पाढ्याचे आठही सूर चालू करा आणि खुद्द 200 चा ट्रॅक म्यूट करा. सा नाहीसा व्हायला हवा, पण होत नाही. आवाज पातळ होतो, तरी सूर 200 चाच वाटतो. वरच्या सुरांचं एकमेकांतलं अंतर 200 आहे, त्यावरून आपलं मन मूळ सा स्वतःच भरून काढतं. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून डग्गा कळतो तो याच कारणाने.

पाककृती बदलून पाहा

आता प्रमाणं बदला. 400, 800, 1200, 1600 हे सम ट्रॅक बंद करा. फक्त 1, 3, 5, 7 ठेवा. आवाज लगेच पोकळ, लाकडी होतो, क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांसारखा. सगळ्यांची ताकद सारखीच ठेवलीत तर तो भुणभुणतो आणि कोणालाच आवडत नाही. फक्त पहिले दोन ठेवलेत तर बासरीच्या दिशेने जातो.

'आ'कार, 'ई'कार शोधायचे असतील तर कुठला उपस्वर कितवा आहे यापेक्षा तो कोणत्या टापूत पडतो हे बघा. 'आ' म्हणताना तोंडाच्या पोकळीमुळे साधारण 700 ते 1200 हर्ट्झच्या टापूतले सूर उठावतात. म्हणून 600, 800, 1000, 1200 ची ताकद वाढवा, बाकीचे खाली आणा. 'ई' साठी 200 आणि 400 ठेवा, मधले जवळजवळ पुसून टाका आणि 2200, 2400 नव्याने घाला. पहिल्या फटक्यात कोणी गायला लागणार नाही. पण दोन्ही एकामागून एक वाजवले की फरक कळतो, आणि आकाराचा रियाज करताना गुरुजी 'तोंड उघड' असं का ओरडायचे तेही कळतं.

या बेरजेवर एक अख्खं वाद्य उभं राहिलं आहे. हॅमंड ऑर्गन 1935 मध्ये बाजारात आला. त्यात 91 दातेरी चकत्या फिरत असतात, प्रत्येकीतून साइनच्या जवळचा एक सूर निघतो आणि नऊ ओढपट्ट्यांनी वादक त्यांचं प्रमाण ठरवतो. प्रत्येक पट्टी 0 ते 8. त्या नऊ पट्ट्यांत सातव्या उपस्वराला जागाच नाही! तुमचा 1400 चा ट्रॅक चालू-बंद करून पाहा. पेटीच्या कोमल निषादापेक्षा तो श्रुतीहूनही जास्त उतरलेला आहे, तरी मिसळला की खटकत नाही, उलट धार आणतो. मी तो ठेवतो.

खरं काम : काळ

इथवर केलेलं सगळं ऑर्गनसारखंच वाजेल. आठही सूर एका क्षणी सुरू, एका क्षणी बंद. निसर्गात असं काही वाजत नाही. आता प्रत्येक उपस्वराला स्वतःचं आयुष्य द्यायचं.

त्यासाठी जनरेट मेनूतलं चर्प वापरा. यात सुरुवातीची आणि शेवटची फ्रीक्वेन्सी, तसंच सुरुवातीची आणि शेवटची ताकद वेगवेगळी देता येते. दोन्हीकडे फ्रीक्वेन्सी 200 च ठेवा, ताकद 0.25 पासून 0 पर्यंत, कालावधी 5 सेकंद. झाला विरत जाणारा सूर. मग 400 ला 0.125 ते 0, पण 3.5 सेकंद. 600 ला 2.5, 800 ला 1.8, 1000 ला 1.3, 1200 ला 0.9, 1400 ला 0.6 आणि 1600 ला 0.4 सेकंद. ताकदीचे आकडे मघाचेच. प्रत्येक ट्रॅक पूर्ण निवडून त्यावर फेड आउट एकदा लावा, कारण खरी तार सरळ रेषेत विरत नाही. आधी झपाट्याने, मग रेंगाळत विरते.

वाजवा. सूर तेच आणि पहिल्या क्षणीची प्रमाणंही तीच, पण आता ही छेडलेली तार आहे. कोणालाही ऐकवा, ऑर्गन म्हणणार नाही. मला स्वतःला हा बदल पहिल्यांदा ऐकताना खुर्चीतून उठावंसं वाटलं होतं.

आता उलट करा. 5 सेकंदांचे ते पहिले आठ ट्रॅक घ्या आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला फेड इन लावा : 200 ला पहिल्या 0.02 सेकंदावर, 400 ला 0.025 वर, असं थोडं थोडं वाढवत 1600 ला 0.06 वर. खालचे आधी उगवतात, वरचे मागाहून. हा पितळी वाद्याचा स्वभाव. बेल प्रयोगशाळेत झाँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकाराने 1960 च्या दशकात ट्रंपेटचे सूर संगणकावर तपासले तेव्हा त्याला हेच सापडलं : फुंकेचा जोर वाढतो तसे वरचे उपस्वर जास्त वेगाने वाढतात, आणि म्हणून सुरुवातीला ते मागून येतात. त्याआधी लोक ठरावीक प्रमाणांची यादी घेऊन ट्रंपेट बनवायला बसत आणि ती कधीच पटत नसे. आमच्या भागात फेस्ताला (चर्चच्या सणाला) बँड येतो. ट्रंपेटवाला सूर लावतो त्या पहिल्या झटक्याकडे कान द्या. 'पा' असा जो उघडतो, तो या चार-सहा शतांश सेकंदांत.

सेकंदाचे शतांश मोजत बसणं कंटाळवाणं वाटेल. पण माझा अनुभव असा की नवशिक्याने पन्नास उपस्वर घालण्यापेक्षा आठच घालावेत आणि त्यांच्या सुरुवातीवर तासभर घालवावा.

खऱ्या वाद्याचा नकाशा काढा

दुसऱ्याचे आकडे किती दिवस वापरणार? पेटीची एक पट्टी दाबून भाता एकसारखा ठेवा आणि फोनवर दहा सेकंद मुद्रण करा. पंखा बंद करा. फाइल ऑडासिटीत आणून मधला स्थिर तुकडा निवडा, अ‍ॅनलाइझ मेनूतून प्लॉट स्पेक्ट्रम उघडा. साइज 16384 ठेवा, म्हणजे साधारण पावणेतीन हर्ट्झपर्यंतचा बारकावा दिसतो. डोंगररांगेसारखी शिखरं दिसतील. प्रत्येक शिखरावर माउस नेलात की त्याची फ्रीक्वेन्सी आणि डेसिबलमधली ताकद दिसते. सर्वांत उंच शिखरापेक्षा 6 डेसिबल खाली म्हणजे निम्मी ताकद, 12 खाली म्हणजे पाव, 20 खाली म्हणजे दशांश. एवढं लक्षात ठेवलं की आकडे टोनमध्ये भरता येतात.

हे करताना एक चूक हटकून होते. अख्खी नोंद निवडली जाते आणि सगळ्या आयुष्याची सरासरी हाती येते. सतार किंवा तबला असेल तर पहिला थोडा भाग वेगळा तपासा, एका सेकंदानंतरचा वेगळा. दोन नकाशे शेजारी ठेवले की कोण आधी मेला ते दिसतं.

तबला आणि घुमट

पाढा सगळीकडे लागू होत नाही. साधं ताणलेलं गोल चामडं घ्या : त्याचे सूर मूळ सुराच्या 1.59, 2.14, 2.30, 2.65, 2.92 पट असतात. 250 हर्ट्झपासून सुरू करून 250, 398, 534, 574, 663, 730 असे सहा विरते सूर, प्रत्येकी अर्ध्या सेकंदाच्या आत, ताकद प्रत्येकी 0.1. बद्द आवाज येईल, ज्यात सा धरताच येत नाही. आता तितकेच आखूड 250, 500, 750, 1000, 1250 घ्या. सूर लागला! तबल्याच्या मधोमध शाईचा जो थर बसवतात, तो चामड्याचे अस्ताव्यस्त सूर ओढून असा पाढ्यात आणतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 मध्ये नेचर नियतकालिकात आपल्या या वाद्यांबद्दल हेच मांडलं होतं. ज्या अनाम कारागिरांनी हे शेकडो वर्षं नुसत्या कानाने साधलं, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

आपल्या घुमटाला शाई नसते. मातीच्या मडक्याच्या एका तोंडावर चामडं, पूर्वी घोरपडीचं, आता बकऱ्याचं. दुसरं तोंड उघडं. चवथीच्या आरतीला बसलेला माणूस एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या तळव्याने मागचं तोंड उघडतो-मिटतो. त्या उघडझापेने आतल्या हवेचा सूर वरखाली होतो. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, ती त्याला शोभतेच. तो बनवायचा तर चर्पमध्ये फ्रीक्वेन्सी बदलती ठेवा : 100 पासून 140 पर्यंत, 0.3 सेकंदात, ताकद 0.4 ते 0. त्यावर 210 आणि 330 चे दोन आखूड सूर. हे आकडे माझ्या कानाने ठरवलेले आहेत, तुमच्या घुमटाला वेगळे लागतील. आणि अगदी सुरुवातीला जनरेट मेनूतल्या नॉइजमधला ब्राउनियन प्रकार, फक्त 0.02 सेकंद. हात चामड्यावर पडतो तो खरखरीत क्षण साइनच्या बेरजेने बनवायचा तर शेकडो सूर लागतात. तिथे हट्ट धरू नका, गोंगाट सरळ मिसळा.

घंटा

घंटा मी शेवटी ठेवली, कारण इथे सगळं एकत्र येतं. आमच्या गावच्या देवळात आरती संपून लोक तीर्थ घेऊन बाहेर पडले की मी कधी कधी सभामंडपातल्या घंटेखाली थांबतो. एक टोल द्यायचा आणि कान तिच्या काठाजवळ न्यायचा. आधी धातूचा लखलखीत ठणका, त्यात कितीतरी सूर एकमेकांशी न जुळणारे. ते एकेक करून गळतात. मग एक मधला सूर थोडा वेळ टिकतो. तोही जातो आणि तळाचा घुमारा उरतो, सावकाश हेलकावत. बोटाचं टोक काठाला नुसतं लावलं तरी घुमारा बोटातून हाडात चढतो आणि विझतो. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलची मोठी घंटा वाजते तेव्हाही क्रम हाच, फक्त आयुष्यं लांब.

युरोपात मुद्दाम सुरात लावलेल्या घंटांमध्ये पहिल्या पाच सुरांचं प्रमाण 0.5, 1, 1.2, 1.5, 2 असं साधतात. यातला 1.2 म्हणजे आपला कोमल गंधार. चर्चची घंटा ऐकून मन थोडं उदास होतं, त्यात याचा वाटा असावा असं मला वाटतं.

आपण मात्र रिसेने 1969 साली संगणकासाठी लिहून ठेवलेली घंटा बनवू. तिचे सूर पाढ्यात बसत नाहीत. 400 हर्ट्झ पाया धरून, सर्वांत लांब सूर 10 सेकंदांचा ठेवून, मी आकडे मांडून दिले आहेत. प्रत्येक ओळ म्हणजे एक चर्प. फ्रीक्वेन्सी दोन्हीकडे तीच, ताकद दिलेल्या आकड्यापासून 0 पर्यंत :

224 हर्ट्झ, ताकद 0.05, 10 सेकंद
225 हर्ट्झ, ताकद 0.034, 9 सेकंद
368 हर्ट्झ, ताकद 0.05, 6.5 सेकंद
369.7 हर्ट्झ, ताकद 0.09, 5.5 सेकंद
476 हर्ट्झ, ताकद 0.134, 3.25 सेकंद
680 हर्ट्झ, ताकद 0.084, 3.5 सेकंद
800 हर्ट्झ, ताकद 0.073, 2.5 सेकंद
1096 हर्ट्झ, ताकद 0.067, 2 सेकंद
1200 हर्ट्झ, ताकद 0.067, 1.5 सेकंद
1504 हर्ट्झ, ताकद 0.05, 1 सेकंद
1628 हर्ट्झ, ताकद 0.067, 0.75 सेकंद

सगळ्या ट्रॅकवर फेड आउट एकदा लावा. सगळे शून्य सेकंदापासूनच सुरू झाले पाहिजेत; एखादा जरी पुढे सरकला तरी टोल फुटतो. ताकदींची बेरीज 0.77 च्या आत आहे, त्यामुळे फाटणार नाही.

ऐकताना तीन वेळा ऐका. पहिल्यांदा सगळं. दुसऱ्यांदा 225 आणि 369.7 म्यूट करून : घंटा वाजेल, पण गोठलेली वाटेल. तिसऱ्यांदा त्या परत चालू करून. खरी घंटा कधीच पूर्ण गोल आणि एकसारख्या जाडीची नसते, म्हणून तिचा प्रत्येक सूर किंचित वेगळ्या जोडीने येतो आणि त्या जोडीतून हेलकावे निघतात. 224 आणि 225 यांच्यात सेकंदाला एक. मग सगळ्यांचे कालावधी 10 सेकंद करून पाहा. आकडे तेच राहतात आणि घंटा नाहीशी होते. अकरा सुरांचा नुसता गलका उरतो.

हे जमलं की फोन घेऊन तुमच्या देवळात जा. पुजाऱ्यांना विचारून, गर्दी ओसरल्यावर एकच टोल मुद्रित करा, आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत फोन हलवू नका. प्लॉट स्पेक्ट्रममध्ये पहिलं अर्धं सेकंद आणि पाचवं सेकंद वेगवेगळं तपासा. पाचव्या सेकंदाला जी दोन-तीन शिखरं शिल्लक असतील, त्यांनाच सर्वांत लांब आयुष्य द्या. शिखर दुभंगलेलं दिसलं तर ती जोडी आहे; दुभंग दिसला नाही तर हेलकावे घड्याळावर मोजा. दहा सेकंदांत सात आले तर जोडीतलं अंतर 0.7 हर्ट्झ. तेवढं अंतर ठेवून दोन चर्प बनवा, बाकीचे सूर त्यावर रचा, आणि मुद्रित टोलाशेजारी वाजवून पाहा.